मथुरा आंबोलीत जेवली

घाडीवाडीत कुणाकडे कार्य निघालं की पहिलं बोलावणं भटाला जायचं आणि दुसरं मथुरेला. कणकवलीहून आत, डोंगराच्या पायथ्याशी वसलेली ही वाडी. भात, काजू आणि चार आंब्याची कलमं यांवर तिथला संसार. मथुरा नवरी म्हणून आली ती थेट चुलीपुढे जाऊन बसली, आणि साठीला टेकली तरी तिथून उठली नव्हती. तिच्या हातचं काळ्या वाटाण्याचं सांबारं असलं की माणसं आमंत्रणाची वाट बघत नसत.

बाई बुटकी, गोल, आणि एकदा हसायला लागली की थांबायची पंचाईत. पण ती स्वतः कधी जेवते, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. पुरुष उठले, पोरं उठली, पाव्हणे उठले, की तोपाच्या तळाला जे उरेल ते भातात कालवून ती उभ्या उभ्या संपवायची. कोंबडीचं कालवण असलं तर तिच्या वाटणीला मानेचं हाडूक. त्याचं तिला काही वाटत नसे. रांधणाऱ्या बाईचं असंच असतं, एवढीच तिची समजूत. हॉटेलची पायरी तिने चढली नव्हती असंही नाही. कणकवलीच्या स्टँडसमोर नवरा लवू कधीमधी तिला घेऊन जाई. पण खुर्चीत टेकायच्या आधीच तो "दोन प्लेट भजी, दोन चाय" असं ओरडून मोकळा व्हायचा. भजी येईपर्यंत गाडी लागायची, आणि ती पिशवीत कोंबून दोघं धावत सुटायची.

तिची धाकटी लेक गौरजा बँकेत लागली आणि तिला आंबोलीची शाखा मिळाली. आंबोली म्हणजे घाटमाथ्यावरचं इवलंसं गाव. खाली सावंतवाडीत माणसं घामाने निथळत असतात आणि वर आंबोलीत स्वेटर घालून चहा पीत असतात. लेक एकटी, जागा नवी, थंडीचे दिवस. मथुरा म्हणाली, "मी येतंय. तुझी चूल मांडून दितंय आणि मगे येतंय परत."

चूल मांडायची तयारी तरी काय! सोललेले नारळ, उकडे तांदूळ, वर्षाचा मसाला, कोकम, कुळथाचं पीठ, सुकट, आणि या सगळ्याच्या वर फडक्यात गुंडाळलेला आडाळो, म्हणजे खोबरं खवायची विळी. कंडक्टरने पिशव्या बघून विचारलं, "काकी, हॉटेल घालतास काय?" मथुरा घाटाची सगळी वळणं हसत बसली.

वर पोचल्यावर कळलं की गॅस नाही. नवी जोडणी मागितली होती, सिलेंडर "फाल्या येतलो" म्हणजे उद्या येईल असं सांगण्यात आलं होतं, आणि हा फाल्या रोज एक दिवस पुढे सरकत होता. म्हणून मथुरा घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात डोकावली, तर तिथे ओटाच नाही! नुसता विटांचा ढीग. घरमालकीण राधाबाई कमरेवर हात ठेवून त्या ढिगाकडे बघत उभी. ही मथुरेच्याच वयाची, उंच, सडपातळ, नवरा जाऊन काही वर्षं झालेली.

"ओटो फोडल्यान आणि गवंडी गेलो," ती म्हणाली. "दशावतारात राक्षसाचा काम करता तो. आता जत्रेचे दिवस. म्हणजे वध झाल्याबिगर काय येवचो नाय."

"मगे तुमी जेवतास खंय?"

"चाय करूची किटली आसा. चाय-बिस्किट, चाय-टोस्ट, चाय-चाय."

गौरजाचं दुपारचं भागलं होतं, बँकेतल्या मंडळींना डबा यायचा. संध्याकाळी मात्र ती आईला घेऊन बाजारपेठेतल्या एका छोट्या हॉटेलात गेली. चार टेबलं, भिंतीवर पदार्थांची पाटी, गल्ल्यावर उदबत्ती. वेटर पाणी ठेवून मथुरेकडे वळला. "काय घेणार, मावशी?"

मथुरेने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग तिने लेकीकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नको," गौरजा म्हणाली. "तुका काय होया तां सांग."

"काय पण चालात."

"काय पण नावाचा कायच नाय पाटीवर. वाच."

मथुरा पाटी वाचू लागली. मिसळ, कटवडा, उसळपाव, शिरा, उत्तप्पा, मसाला डोसा. शेवटपर्यंत वाचून ती पुन्हा मिसळीवर आली. आयुष्यभर तिने इतरांना विचारलं होतं, भात घालू का, सार वाढू का, आणखी एक घावणो घे की. "तुका काय होया" हा प्रश्न तिच्याकडे तोंड करून कधी आलाच नव्हता. वेटर बिचारा उभा. शेवटी तिने डोळे मिटून बोट ठेवलं आणि ते मसाला डोशावर पडलं.

डोसा आला तो ताटाबाहेर दोन्हीकडे हातभर. कुरकुरीत, वाफाळता. मथुरेने त्याला हातच लावला नाही. ती नुसती बघत राहिली.

"काय झाला गो आई?"

"गरम आसा," मथुरा म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चिरकला. "गौरू, माझ्या ताटात गरम पडला!"

आणि मग ती हसायला लागली. असली हसली की गल्ल्यावरचा मालक उठून बघायला आला.

दुसऱ्या दिवशी लेक बँकेत गेली आणि मथुरा राधाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. "राधाबायनू, चाय-बिस्किट पुरे झाली. चला."

"खंय?"

"ह्या गावात जेवूक काय काय गावता तां बघूक."

राधाबाईचा सगळा जन्म आंबोलीत गेला होता. पाऊस सुरू झाला की धबधब्यावर लोटणारी माणसं, त्यांच्या गाड्या, त्यांचा धिंगाणा हे सगळं ती पडवीतून बघत आली होती. हॉटेलं तिच्या डोळ्यांदेखत उभी राहिली होती. पण आत? "माका कोण नेतला आत?" ती म्हणाली. तरीसुद्धा ती चपला घालून रस्त्यावर आली ती मथुरेच्या आधी.

सुरुवात धबधब्याजवळच्या टपरीने झाली. थंडीत धबधब्याला पाणी ते केवढं, नळ गळावा तेवढं. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून टपरीवाला शेकत बसला होता. त्याने दोघींसाठी कांदाभजीचा घाणा काढला. समोर दरीत धुकं असं भरलेलं की कढईतला धूर कुठे संपतो आणि ढग कुठे सुरू होतो ते कळेना. राधाबाईला भजी इतकी तिखट लागली की ती उड्या मारायला लागली, आणि उड्या मारता मारता दुसरी प्लेट मागितली.

आंबोलीची गंमत अशी की ती तीन वाटांच्या तिठ्यावर बसलेली आहे. एक वाट खाली कोकणात नि गोव्याकडे, एक बेळगावकडे, एक आजऱ्यावरून कोल्हापूरकडे. जो जिथून आला त्याने तिथली चव आणली. दोघींनी ती वाटेवाटेने चाखायला घेतली. कोल्हापूरकराच्या खानावळीत तांबडा-पांढरा रस्सा ओरपताना मथुरेच्या नाका-डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. खानावळीची बाई धावत पाणी घेऊन आली, तर मथुरा म्हणाली, "पाणी ऱ्हवांदे, रस्सो हाड!" मग त्या बाईला रस्साच आणावा लागला. बेळगावच्या माणसाच्या दुकानात तांबूस, रवाळ कुंदा मिळाला. तो राधाबाईने उभ्याने चाखला, मग बाकावर बसून चाखला, मग घरी न्यायला बांधून घेतला आणि घर यायच्या आत संपवला. गोव्याकडच्या एका म्हाताऱ्याची बेकरी होती, तिथे भट्टीतून पोय, म्हणजे फुगीर पाव, निघायची वेळ त्यांनी बरोबर हेरली. गरम पोय हातात झेलत, फुंकर घालत, दोघी रस्त्याने चालल्या, आणि समोरून येणारी शाळेतली मुलं वाट सोडून उभी राहिली.

संध्याकाळी लवूचा फोन यायचा. तो घरी होता, भावाच्या घरून ताट येत होतं.

"काय रांधलंस आज?"

"कोंबडी झाली," मथुरा म्हणायची. खोटं ती बोलायची नाही. कोंबडी झाली होतीच.

"काल पण कोंबडी! गॅस इलो मगे?"

"येतलो, येतलो. तुमी जेवलास?"

"कसला जेवान! वहिनीचा सार म्हणजे पाण्याक ताप इल्यासारख्या. मथुरे, कधी येतंस गो?"

"गौरूची चूल मांडून झाली की येतंय," मथुरा म्हणे, आणि फोन ठेवल्यावर दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसत. गौरजा जमाखर्च बघणारी मुलगी, पण तीही हळूहळू यात सामील झाली. संध्याकाळी बँकेतून आल्या आल्या विचारी, "आज खंय गेल्लास? माका सोडून?"

असं चाललेलं असताना एक दिवस राधाबाई रस्त्यातच थबकली. दोघी हमरस्त्याने चालल्या होत्या आणि 'हिमशिखर बार अँड रेस्टॉरंट'समोरून जात होत्या. पाटीवर निळे बर्फाचे डोंगर रंगवलेले, खाली 'परमिट रूम', खिडक्यांना काळी काच. आतून परतलेल्या लसणाचा आणि ओल्या खोबऱ्याचा वास येत होता.

"माझो घोव जिता आसताना हयसर येय," राधाबाई म्हणाली. "घराक इलो की सांगी, काय ते तिसऱ्यांचा सुक्या, राधे, तसला जगात खंय गावाचा नाय. दर खेपेक सांगी. पण एक दिवस हाडून दिल्यान नाय."

मथुरेने वास घेतला. तिसऱ्याच, म्हणजे शिंपल्या. वेंगुर्ल्याच्या नाहीतर मालवणच्या खाडीतून सकाळच्या टेम्पोने वर आलेल्या.

"मगे चला," ती म्हणाली.

"गो, बार आसा तो!"

"आमी काय पिवक जाताव? जेवूक जाताव."

राधाबाईने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, पदर डोक्यावरून घेतला, पुन्हा खाली केला, आणि म्हणाली, "पयली तू चल."

आत दुपारी दिवेलागणीसारखा अंधार. कोपऱ्यात टीव्हीवर क्रिकेट चाललेलं. दोन टेबलांवर तीन माणसं होती. दोन साठीच्या बायका नऊवारी-सहावारीत आत आलेल्या पाहताच एकाने ग्लास टेबलाखाली धरला, दुसऱ्याने तोंडातला घोट तसाच ठेवला, आणि तिसरा उठून उभाच राहिला, कोणीतरी वडीलधारं आलं म्हणून.

वेटर दीपेश लगबगीने आला. "काकी, देऊळ फुडे आसा. चुकलास तुमी."

"देव मगे बघू," मथुरा म्हणाली. "तिसऱ्यांचा सुक्या आसा?"

"आसा, पण... फॅमिली रूमात रंगकाम चल्लाहा."

"आमका खंय फॅमिली आसा आता? हयसरच बसताव."

बसल्या. खुर्च्या मऊ होत्या, बसल्यावर दोघी खाली गेल्या आणि टेबल गळ्याशी आलं. राधाबाईला हसू फुटलं. दीपेशने सवयीने विचारलं, "पिऊक काय दिवं?" आणि लगेच जीभ चावली. पण राधाबाईच्या डोळ्यांत आता वेगळंच काही चमकायला लागलं होतं.

"त्ये काय पियत असत?" तिने मथुरेला विचारलं, जणू तिचा नवरा मथुरेच्या ओळखीचा होता. "बियर म्हणत. दीपेश, एक बाटली हाड. आणि दोन गिलास."

बिअर आली, फेसाळली. मथुरेने कुलदैवताचं नाव घेऊन एक घोट घेतला. तिचा चेहरा कारलं चावल्यासारखा झाला.

"राधाबायनू, हो तर काडेकिराइताचो काढो! ह्याच्यासाठी बापये घरदार इसारतत?"

शेजारच्या टेबलावरचा माणूस खो खो हसला. टेबलाखालचा ग्लास त्याने वर घेतला. राधाबाईने मात्र शांतपणे दुसरा घोट घेतला, मग तिसरा, मग म्हणाली, "फुडे फुडे बरां लागता."

आणि तिसऱ्या आल्या. काळसर शिंपल्या, त्यांच्या पोटात मसाल्यात माखलेलं नाजूक मांस, वरून पांढरंशुभ्र खोबरं, कोथिंबीर, बाजूला भाकरी. मथुरेने एक शिंपली उचलली, चोखली. पुन्हा एक. मग ती एकदम थांबली. राधाबाई घाबरली. "काय झाला? खडो लागलो?"

"राधाबायनू," मथुरा कुजबुजली, "हे माझ्यापेक्षा बरे आसत."

दुसरी कुणी असती तर खट्टू झाली असती. मथुरेचं तोंड आनंदाने फुलून गेलं. म्हणजे आपल्याहून चांगलं रांधणारं कुणी जगात आहे, तो आत भट्टीपुढे उभा आहे, आणि आपण इथे मऊ खुर्चीत बसून ते खातो आहोत! तिने दीपेशला हाक मारली. "आजून एक हाड! आणि आत आचाऱ्याक सांग, हात बरो बसलोहा म्हणान." दीपेश आत सांगून आला आणि म्हणाला, "आचारी म्हणता, तुमी येवा, रांधूक कसां तां दाखवतो."

"नको बाबा!" मथुरा म्हणाली. "माका बघूचा नाय. बघलंय तर घराक जावन करूचा लागतला."

बारमध्ये हशा पिकला. त्या हशातच दार उघडलं, बाहेरचा उजेड आत आला, आणि त्या उजेडात एक माणूस उभा राहिला. डोक्याला मफलर, हातात पिशवी. तो सरळ काउंटरशी गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "एक क्वार्टर दी. आणि खावक काय तरी कडक."

मथुरेने तो आवाज ओळखला. मथुरेच्या हातात बिअरचा ग्लास होता. आणि काउंटरशी उभा होता तो लवू.

वहिनीच्या साराला कंटाळून लवू सकाळी एसटीत बसला होता. बायकोच्या हातचं जेवायचं, एवढी एकच आस. पण घाटात थंडी वाजली, स्टँडवर उतरल्यावर समोर बार दिसला, आणि घरी जायच्या आधी जरा ऊब घ्यावी असं त्याला वाटलं. घाडीवाडीत लवू म्हणजे निर्व्यसनी माणूस. सत्यनारायणाला याच्या शेजारी बसावं असा.

तो वळला. बायको दिसली. तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

"तू? हयसर?"

"तुमी हयसर?" मथुरा म्हणाली.

मग टेबलावरून राधाबाईचं हसू सुटलं. आधी बारीक, मग ती टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. शेजारचा माणूस, दीपेश, काउंटरमागचा मालक, सगळे. लवूच्या कानापर्यंत लाली चढली. मथुरेलाही आता आवरेना. ती डोळे पुसत म्हणाली, "उभे कित्याक? बसा. काय घेवचां आसा तुमका?"

लवू पिशवी मांडीवर घेऊन बसला. क्वार्टर आली ती तशीच राहिली. मथुरेने शिंपल्यांची बशी त्याच्यापुढे सरकवली. त्याने एक खाल्ली, सवयीने म्हणाला, "तुझ्या हातासारखे नाय."

"खोटा बोलू नको," मथुरा म्हणाली. नवऱ्याला ती कधी एकेरी बोलत नसे, पण आज तोंडातून गेलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. "हे माझ्यापेक्षा बरे आसत. आणि गरम आसत. खा."

आणि ती स्वतः खायला लागली. भाकरीचा तुकडा मोडून, मसाल्यात बुडवून, डोळे मिटून. बोटं चाटली. लवू बघत राहिला. इतक्या वर्षांत तिने त्याला लाखभर घास वाढले असतील. पण ही बाई जेवताना कशी दिसते, हे त्याला ठाऊक नव्हतं. ती शिंपली चोखताना एक भुवई वर उचलते हे त्याला आज कळलं.

"मथुरे," तो म्हणाला, "तू घराक कधी जेवतंस गो?"

"तुमी उठल्यावर."

"काय जेवतंस?"

मथुरेने जरा विचार केला. "जां ऱ्हवता तां."

लवूने मान खाली घातली. राधाबाईने हे सगळं पाहिलं आणि तिच्या पद्धतीने सोडवलं. "दीपेश," ती ओरडली, "सुरमई आसा काय? हो माणूस उपाशी इलोहा! आणि ही बियर गरम झाली, दुसरी हाड!"

त्या दुपारी हिमशिखरात सुरमई तळली गेली, कोळंबीचं कालवण झालं, सोलकढीचे ग्लास रिकामे झाले. शेजारच्या टेबलावरची माणसं आपली टेबलं ओढून जवळ आली. त्यातला एक आजऱ्याचा ट्रकवाला होता, त्याने भूपाळी म्हटली, दुपारची. बाहेर पडले तेव्हा ऊन धुक्यात मिसळून पिवळं झालं होतं. राधाबाई रस्त्याच्या मधोमध चालत होती आणि लवू तिला कडेला ओढत होता. मथुरा म्हणत होती की आता काहीतरी गोड हवं, बेळगाववाल्याकडे जाऊ या. बँक सुटून येणारी गौरजा त्यांना तिठ्यावर भेटली. तिने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, राधाबाईकडे पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवून तिथेच खाली बसली, हसून हसून.

गॅस पुढच्या आठवड्यात आला. राक्षसाचा वध होऊन गवंडीही आला. मथुरेने लेकीची चूल मांडली, मसाले डब्यांत भरले आणि लवूबरोबर घाडीवाडीला परतली. परत आल्यावर पहिल्याच रात्री लवूने तिला ताट घेऊन आपल्या शेजारी बसायला लावलं. तिला आधी अवघडल्यासारखं झालं, दोनदा उठली, मीठ आणायला, पाणी आणायला. तिसऱ्यांदा उठली तेव्हा लवूच उठला. पाणी आणताना त्याने तांब्या सांडला, आणि भेटायला आलेली भावकीतली पोरं, दीर, जावा सगळी बघत राहिली. आता ते अंगवळणी पडलंय.

पण आंबोलीचं वेड काही गेलं नाही, उलट पसरलं. वाडीतल्या बायकांना तिने असं रंगवून सांगितलं की बचत गटाची पुढची सहल देवदर्शनाला न जाता वेंगुर्ल्याला गेली. राधाबाई डोंगर उतरून थेट तिथेच भेटली. बंदराजवळच्या खानावळीत दोन टेबलं जोडून बायका बसल्या होत्या, पदर खांद्यावर घट्ट ओढून, एकमेकींकडे बघत, पाण्याच्या ग्लासाला हात न लावता. वेटर येऊन उभा राहिला, आणि साऱ्यांच्या नजरा मथुरेकडे वळल्या.

"माझ्याकडे बघू नका गो," मथुरा म्हणाली. "तोंडा आसत मां तुमका? सांगा."

मग अगदी टोकाला बसलेली तिची जाऊ, जिच्या साराची लवूने एवढी बदनामी केली होती ती, हळूच म्हणाली, "माका खडपावरली कालवां खावक होयी. भाजलेली. माझी आवस म्हायेराक करी तशी."

आणि मग सगळ्या एकदमच बोलायला लागल्या.